देवाच्या पाण्याला विस्तव

"आधी पाणी प्या, मग सांगा."

उदगिरात चौबाऱ्याकडून किल्ल्याकडं निघालं की उजव्या हाताला एक बोळ लागते. त्या बोळीत तिसरं घर शरणम्माचं. या घरात कुणी धापा टाकत आलं, रडत आलं, सासरी भांडून आलं, तरी शरणम्माचं पहिलं वाक्य हेच असायचं. सोयरीक मोडल्याची बातमी घेऊन भाचा आला, त्यालाही हेच. मग तांब्या पुढं यायचा. माणूस घटाघटा पाणी प्यायचं आणि तेवढ्या वेळात त्याच्या बातमीची धार जरा बोथट व्हायची. सोळा सालच्या दुष्काळात नळाला महिन्यातून एकदा पाणी यायला लागलं, तरी तिनं हे वाक्य सोडलं नाही. तांब्याच्या जागी फुलपात्र आलं, एवढंच.

तिचं माहेर भालकीकडचं, कर्नाटकातलं. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडीत. मराठी अक्षरं ती सासरी आल्यावर दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकली. साठीला आली तरी चालणं तसंच, संथ, एकेक पाऊल ठेवून बघितल्यासारखं. तिला घाईत कुणी पाहिलं नव्हतं.

नवरा गुरुबसप्पा तिच्या अगदी उलट. त्यांचं दुकान बैलांच्या साजाचं. कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा, पोळ्याच्या झुली. दोन वर्षं पाऊस नाही म्हटल्यावर बैल हाळीच्या बाजाराला जात होते आणि नव्या मालकाबरोबर कुठल्या कुठं जात होते. साज घ्यायला कोण येणार? तरी ते रोज दुकान उघडायचे आणि नव्या जिल्ह्याच्या गप्पा मारत बसायचे. उस्मानाबादेतून लातूर जिल्हा निघाला तेव्हापासून त्यांचं म्हणणं एकच, आता पुढचा नंबर उदगीरचा. एकही धरणं, एकही मोर्चा त्यांनी चुकवला नव्हता. दुकानाच्या बिलावर त्यांनी छापूनच घेतलं होतं, 'नियोजित जिल्हा उदगीर'.

"जिल्हा झाल्यावर तुम्हाला कलेक्टर करतेत का?" शरणम्मा विचारायची.

"मला कशाला? तुला करतेत. समद्यांना पाणी पाजवशील."

दिवाळीच्या आधीपासून गुरुबसप्पांना लघवीचा त्रास सुरू झाला. थेंब थेंब व्हायची, जळजळ व्हायची. त्यांनी उन्हाळी लागली म्हणून धन्याचं पाणी पिऊन काढलं. मग कंबर दुखायला लागली. त्यालाही त्यांनी कारण शोधलं, दुकानातल्या गाठोड्यांचं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, बायकोला कसलं सांगायचं हे! शरणम्माच्या लक्षात आलं ते त्यांच्या चालण्यावरून. पूर्वी बोळीच्या तोंडाशी मारलेली हाक घरात यायच्या आत माणूस यायचा. आता हाक यायची, आणि माणूस बऱ्याच वेळानं.

लातूरच्या एका दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई जगदेवीच्या वयाची होती. जगदेवी म्हणजे यांची लेक, देगलूरला दिलेली. डॉक्टरीणबाईनं कागदावर चित्र काढून सांगितलं, पुरुषाला लघवीच्या पिशवीखाली अक्रोडाएवढी गाठ असते, तिला प्रोस्टेट म्हणतात, तिथं कॅन्सर आहे. आणि तो कंबरेच्या हाडात उतरला आहे. पोटात एक इंजेक्शन तीन महिन्यांनी. आणि किमो, एकवीस दिवसांनी एक डोस, असे सहा.

गुरुबसप्पा बराच वेळ चित्राकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, जिल्हा होईपर्यंत टिकतो का मी?"

"कुठला जिल्हा?"

"उदगीर."

डॉक्टरीणबाई हसली. "त्याची खात्री मी कशी देऊ, काका? सरकारला विचारा. मी एवढंच सांगते, सहा डोस पुरे करा. मधे सोडून जाऊ नका. सहा झाले तर पुष्कळ दिवस चांगले जातील."

शरणम्मानं तेवढं वाक्य पदराला गाठ मारल्यासारखं धरून ठेवलं. सहा डोस. मधे सोडायचं नाही.

जानेवारीच्या शेवटी पहिला डोस झाला. डॉक्टरीणबाईनं तिला वेगळं बसवून नियम सांगितले. डोसानंतर आठव्या दिवसापासून अंगातली ताकद कमी होते, साध्या जंतूनंही ताप चढतो. गर्दीत नेऊ नका. उघड्यावरचं देऊ नका. पाणी उकळूनच, उकळी फुटल्यावर दहा मिनिटं. थर्मामीटर शंभराच्या वर गेलं की थांबू नका, इकडं या. शरणम्मानं कॅलेंडरच्या पाठीवर रोजचा ताप लिहायला सुरुवात केली. आकडे तिचे कानडी वळणाचे, पण बरोबर.

पाणी मिळणं हेच एक काम होतं. बोळीच्या तोंडाशी टँकर यायचा, कधी चौथ्या दिवशी, कधी सहाव्या. नरसिंग नावाचा ड्रायव्हर होता, तो तिला कानडीत आईला म्हणतात तसं "अव्वा" म्हणायचा आणि दोन कळशा जास्तीच्या भरू द्यायचा. त्यावरून चांगुणा, समोरची शेजारीण, ठरल्यासारखी ओरडायची.

"अव्वाला कामून जास्ती रं? आमची तोंडं वाळून राहिलीत की!"

"त्यांच्या घरी पेशंट हाय, मावशे."

"माझ्या घरी सासू हाय. ती काय पेशंटापरीस कमी हाय का?"

सगळी रांग हसायची. आणि मग तीच चांगुणा शरणम्माच्या डोक्यावरची कळशी उतरवून घ्यायला दारापर्यंत यायची.

परसात तीन दगडांची चूल होती. गॅस पुरवून वापरायचा म्हणून शरणम्मा तुराट्या पेटवून पाणी उकळायची. प्यायचं उकळलेलं, गुळण्या करायचं उकळलेलं, ज्वारीचं पीठ मळायचंसुद्धा उकळलेलं. गुरुबसप्पांचे केस उशीवर गळायला लागले तेव्हा तिनं न्हावी घरी बोलावून सगळेच उतरवून टाकले. ते आरशात बघून म्हणाले, "मठातला अय्या दिसून राहिलो की."

"अय्या तरी कमी बोलतेत."

पोटातल्या इंजेक्शनानं त्यांना निराळाच त्रास झाला. बसल्या बसल्या अंगातून वाफ निघाल्यासारखं व्हायचं, तोंड लाल, घामानं बनियन भिजायचं, आणि घटकाभरात थंडी. पहिल्यांदा झालं तेव्हा ते घाबरले. शरणम्मानं थर्मामीटर लावलं, ताप नव्हता. मग ती खुदकन हसली.

"हसतीस काय? मरून राहिलो मी."

"मरत न्हाईत यानं. मला पंचेचाळिशीत चार वर्षं असंच होत होतं. तुम्ही तवा काय म्हणालात, आठवतं का? नाटकं करती म्हणालात."

गुरुबसप्पांनी टॉवेलानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "चार वर्षं?"

"चार वर्षं."

"सांगायचं की मग नीट."

"सांगितलं होतं की," ती म्हणाली आणि पंखा त्यांच्याकडं वळवला.

दुसरा डोस फेब्रुवारीत झाला. दहाव्या दिवशी ताप एकशे दोन. जगदेवीच्या नवऱ्यानं देगलूरहून गाडी पाठवली, ती येऊन लातूरला पोचेपर्यंत गुरुबसप्पांचे ओठ पांढरे पडले होते. दवाखान्यात सहा दिवस ठेवलं. डॉक्टरीणबाईनं शरणम्माला विचारलं, "पाणी उकळून देत होता ना?"

"देत होते."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक येळी. माझ्या गळ्यातल्या लिंगाची शपथ."

वॉर्डातल्या वाघमारे सिस्टरनं पुन्हा दोनदा विचारलं. शरणम्माला राग आला नाही, पण मनाला लागलं. चूक कुठं झाली? ती दोन दिवस त्याच विचारात होती. भाकरी, ताक, फळं, भांडी, सगळं आठवून झालं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि गुरुबसप्पांनी पूजा मागितली. लिंगायताच्या घरात पूजा देव्हाऱ्यात कमी आणि हातात जास्त. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, पाणी घालायचं, बेल वाहायचा. तळहातात जे पाणी साठतं ते तीर्थ, ते तीन वेळा प्राशन करायचं. त्याच्याशिवाय अन्नाचा घास नाही. गुरुबसप्पांचा हा नेम वयाच्या आठव्या वर्षापासूनचा, वडिलांनी लावून दिलेला. तापातले दोन दिवस सोडले तर कधी खंड नाही.

शरणम्मानं घरून भरून आणलेला तांब्याचा छोटा गडू पिशवीतून काढून दिला. त्यांनी डोळे मिटले, लिंगावर धार धरली, आणि मग तळहात ओठांना लावला. एकदा, दोनदा, तीनदा.

शरणम्मा बघत होती.

हे पाणी तिनं उकळलं नव्हतं. रोज पहाटे पूजेसाठी म्हणून साठ्यातली पहिली कळशी ती वेगळी ठेवायची, कुणाचा हात लागू नये म्हणून फडकं बांधून. देवाच्या पाण्याला विस्तव कुठं लावतात! ते पाणी उकळावं हे तिच्या मनाच्या आसपासही आलं नव्हतं, कारण ते प्यायचं पाणी असं तिला वाटतच नव्हतं. टँकरचं पाणी, कुठल्या तळ्यातलं, कुठल्या विहिरीच्या तळाचं, आणि ते तिनं रोज स्वतःच्या हातानं, सगळ्यात आधी, त्यांच्या रिकाम्या पोटात घातलं होतं.

घरी आल्यावर महाशिवरात्र झाली. दुसऱ्या दिवशी तिनं सगळं समोर मांडलं.

गुरुबसप्पा ऐकून म्हणाले, "न्हाई."

"उकळून गार करते की."

"उकळलेलं पाणी म्हणजे मेलेलं पाणी. देवाला मेलेलं घालू का? मग बेलाचं पण कालवण कर, भजी तळ, आन वाहा."

"मग तीर्थ घेऊ नका. नुसतं घाला."

"तुला कळतं का तू काय बोलून राहिलीस?" त्यांचा आवाज चढला आणि खोकल्यात अडकला. मग ते शांतपणे बोलले, आणि त्या शांतपणाचीच तिला जास्त भीती वाटली. "ऐक. हाडात आलंय, मला कळतं. किती दिवस ते त्याच्या हातात. पन नेम माझ्या हातात हाय. नेम मोडून मला एक दिवसबी नको. तू जर त्याला हात लावलास, तर तिसरी सुई मी घेणार न्हाई. चौथी न्हाई. काहीच न्हाई."

शरणम्मा परसात गेली आणि चुलीपुढं बसली. एका बाजूला सहा डोस, दुसऱ्या बाजूला नेम. कच्चं पाणी दिलं तर ताप, आणि पुढच्या तापातून माणूस येईलच असं नाही, सिस्टर तसं बोलली होती. सांगून उकळलं तर औषध बंद. त्रेचाळीस वर्षांत ती नवऱ्याशी खोटं बोलली नव्हती. तशी वेळच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुबसप्पा झोपेत असताना तिनं पूजेची कळशी चुलीवर ठेवली. उकळून गार होऊ दिली, तांब्याच्या गडूत भरली, वर फडकं बांधलं. ते उठले, आंघोळ झाली, पूजेला बसले. तीर्थ घेऊन म्हणाले, "पाणी गोड हाय आजचं. कुठल्या विहिरीचं?"

"नरसिंगला विचारते," ती म्हणाली आणि आत गेली.

तिसरा डोस मार्चच्या वीस तारखेला झाला. आठवा दिवस गेला, दहावा गेला, पंधरावा गेला. कॅलेंडरच्या पाठीवर अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव. ताप आला नाही. फक्त बोटांची टोकं बधिर झाली, शर्टाचं बटण हाताला लागेना. शरणम्मा बटणं लावून द्यायची. आणि गुरुबसप्पा तोऱ्यात सांगायचे, "बघितलंस का? म्हणे देवाच्या पाण्यानं ताप. ह्या डोसाला आला का? कामून न्हाई आला?"

शरणम्मा बटण लावत राहायची.

हे बोलणं घरात होतं तोवर तिनं ते गिळलं. चौथ्या डोसाला मात्र ते घराबाहेर गेलं.

एप्रिलचा महिना होता. लातुरात ज्याच्या त्याच्या तोंडी पाण्याच्या रेल्वेची गोष्ट होती. वॉर्डात पाच खाटा, प्रत्येकाच्या हाताला सुई. गुरुबसप्पांच्या शेजारी रेणापूरचे ग्यानोबा होते, रक्ताचा कॅन्सर, नुसता हाडांचा सापळा झालेला माणूस. त्यांची बायको भामाबाई पायाशी बसली होती.

"हिनं देवाचं तीर्थ बंद केलंय माझं," ग्यानोबा म्हणाले. "रेणुकामायचं तीर्थ घेतल्याबिगर मी कधी चहा पिलो न्हाई. आता म्हणती डॉक्टर न्हाई म्हणतेत."

"घ्या तुम्ही," गुरुबसप्पा म्हणाले. "बिनघोर घ्या. मी घेतो, रोज, कच्चं, टँकरचं. पहिल्यांदा ताप आला तो आला. पुढं? एक दिवस न्हाई. विचारा हिला. डॉक्टर लोकांना औषधातलं कळतं, देवातलं काय कळतं?"

भामाबाईचा चेहरा एकदम सैल झाला. महिनाभर नवऱ्याला नाही म्हणून म्हणून ती दमली होती. "खरं का, काका? मग उद्यापासून देते, बाई. माझ्याच जिवाला लागलं होतं ते."

शरणम्मा उठून उभी राहिली.

तिच्या मनात आलं, भामाबाईला व्हरांड्यात न्यावं आणि तिथं सांगावं. मग वाटलं, एक गोष्ट आपण पाठीमागं केली. दुसरी पाठीमागं करायची नाही. आणि ग्यानोबा विश्वास ठेवणार होते ते या माणसाच्या शब्दावर. बायकोनं बाहेरून आणलेल्या निरोपावर नाही. तिनं गुरुबसप्पांच्या हातातल्या सुईकडं बघितलं. बाटली अजून अर्धी होती.

"भामाबाई," ती म्हणाली, "देऊ नका. ह्यांचं पाणी कच्चं न्हाई. मी उकळते. शिवरात्रीपासून रोज उकळते. ह्यांना ठाऊक न्हाई."

भामाबाईनं ग्यानोबांकडं बघितलं, ग्यानोबांनी गुरुबसप्पांकडं.

गुरुबसप्पांचा उजवा हात डाव्या हातावरच्या चिकटपट्टीकडं गेला. वाघमारे सिस्टर दारातूनच ओरडली, "ओ काका, हात काढा! ते औषध शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं!"

त्यांनी बोटांनी पट्टी चाचपली. बधिर बोटांना तिचं टोक सापडेना. शरणम्मानं हात पुढं केला नाही, अडवलंही नाही. ती नुसती तिथंच उभी राहिली. शेवटी त्यांनी हात खाली टाकला आणि भिंतीकडं तोंड केलं. बाटली संपली तेव्हा संध्याकाळचे चार वाजले होते.

घरी आल्यावर बोलले ते एवढंच, "पाचवी न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आंघोळ केली, पूजेच्या पाटावर बसले, आणि गडूला हात न लावता उठले. पूजा नाही म्हणजे जेवण नाही. जगदेवी देगलूरहून फोनवर रडली. "अप्पा, खावा की काहीतरी." त्यांनी फोन शरणम्माच्या हातात दिला. चांगुणा येऊन डोकावून गेली. दुपारी शरणम्मानं ताट वाढलं, त्यांच्यासमोर ठेवलं. मग स्वतःचं वाढून घेतलं आणि त्यांच्या देखत जेवायला बसली. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी.

"गोड लागतंय का?" गुरुबसप्पांनी विचारलं. ते दिवसातलं पहिलं बोलणं.

"भूक लागल्यावर लागतंच की. मी उपाशी राहिले तर तुम्हाला कोण उचलंल? चांगुणा?"

संध्याकाळपर्यंत त्यांनी बधिर बोटांनी तुळशीकट्ट्याचा सुटलेला पोपडा काढला. शरणम्मा तांदूळ निवडत होती.

"किती दिवस म्हणालीस?"

"पस्तीस. शिवरात्रीपासून."

"रोज?"

"रोज."

"मी झोपलेलो असताना."

"हाव."

"आन दहा मिनिटं झाले हे तुला कसं कळायचं? घड्याळ तर माझ्या उशाच्या भिंतीवर हाय. दिवा तर लावत न्हवतीस."

शरणम्मानं तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. "उकळी फुटली की ओम नमः शिवाय म्हणायला लागायचं. दोन माळा झाल्या की दहा मिनिटं होतेत. दवाखान्यातल्या घड्याळाशी एकदा म्हणून बघितलं होतं."

"दोन माळा? दोनशे सोळा?"

"हाव."

"रोज?"

"मग काय, एका दिवशी कमी उकळू?"

गुरुबसप्पांनी हातातला पोपडा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मी अकराच म्हणतो."

"माहीत हाय."

"तुला कसं माहीत?"

"त्रेचाळीस वर्षं ऐकते की. कधी कधी नऊच होतेत. मोर्चा असला की."

ते हसले नाहीत. पण उपाशी माणसाच्या चेहऱ्यावर जे दगडासारखं असतं ते जरा हललं. "खोटं बोललीस तू माझ्याशी."

"बोलले. त्याची माफी मागते. उकळल्याची मागत न्हाई."

रात्रीही ते जेवले नाहीत. एक दिवस नेमाला आणि स्वतःच्या शब्दाला द्यायचाच होता त्यांना, असं शरणम्माला वाटलं. सकाळी ती उठली तर ते तिच्या आधी परसात होते. तीन दगडांमधे तुराट्या कोंबून बसले होते, काडीमागून काडी वाया घालवत. बोटांना काडीच धरता येत नव्हती.

"सरा," ती म्हणाली.

"सरणार न्हाई. माझ्या देवाचं पाणी मी तापवीन. चोरून न्हाई. उजेडात."

"हात भाजला तर कळायचं न्हाई तुम्हाला."

"मग कळशी तू धर. म्हणायचं काम माझं."

आणि तसंच ठरलं. तिनं विस्तव केला, कळशी ठेवली. उकळी फुटल्यावर गुरुबसप्पा मोठ्यानं म्हणायला लागले, मधे खोकले, मोजणी चुकली, पुन्हा एकपासून धरली. समोरून चांगुणा ओरडली, "अप्पा, सकाळी सकाळी मोर्चा काढला काय?" दोनशे सोळाला बराच वेळ गेला आणि कळशीतलं बरंच पाणी आटलं. शरणम्मानं वाकून कळशीत बघितलं. त्या दुष्काळात ते पाणी आटलेलं बघणं सोपं नव्हतं. पाणी कोमट झालं तशी त्यांनी पूजा केली, तीर्थ घेतलं, आणि दीड दिवसानंतर भाकरीचा तुकडा मोडला.

पाचवा डोस मेच्या सुरुवातीला झाला. भामाबाई भेटली, पण दुसऱ्या वॉर्डात. ग्यानोबांना उठवत नव्हतं. तिनं शरणम्माचा हात धरला आणि सोडला, एवढंच. सहावा डोस मे संपता संपता झाला. डॉक्टरीणबाईनं रक्ताचा रिपोर्ट बघितला, कॅन्सरचा आकडा दीडशेवरून तीनवर आला होता. "गेलं असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "दबलंय. तीन महिन्यांचं इंजेक्शन चालू राहील. आणि पाणी अजून महिनाभर उकळूनच."

"आता जन्मभर उकळूनच," गुरुबसप्पा म्हणाले. "मला सवय लागली."

बोटांचा बधिरपणा हळूहळू उतरला, नखं काळी पडली होती ती पुढं सरकली. शर्टाचं बटण लागायला लागलं. जूनमधे जगदेवीचा फोन आला, अव्वा, चार दिवस तरी ये, जानेवारीपासून तू घराबाहेर पडली न्हाईस दवाखाना सोडून. शरणम्मा नेहमीप्रमाणं नाही म्हणणार होती. गुरुबसप्पांनी फोन घेतला. "येती ती. उद्याच्या देगलूर गाडीनं."

"आन पाणी?" फोन ठेवल्यावर तिनं विचारलं.

"उकळीन."

"कळशी कोण धरंल?"

"छोट्या पातेल्यात करतो. दोन वेळा. सांडशीनं उतरवतो. मोजून बघ हवं तर."

सकाळी तिनं बघितलंच. ओट्यावर पिशवी बांधून ठेवली, आणि परसाच्या उंबऱ्यावर बसून त्यांचं पाणी पूर्ण होईपर्यंत थांबली. त्यांनी विस्तव केला, काडी तिसऱ्यांदा पेटली, पण पेटली. पातेलं ठेवलं. उकळी फुटली. शरणम्माचे ओठ आपोआप हलत होते, तिची मोजणी आणि त्यांची मोजणी एका ठिकाणी संपते का ते बघत. ते दोन-तीननं मागं होते. तेवढं चालेल असं तिला वाटलं.

"गाडी चुकंल," ते म्हणाले.

"अजून येळ हाय."

"तुझ्या चालीनं न्हाई."

ती उठली, लुगड्याचा पदर सारखा केला, पिशवी उचलली. ओट्यापर्यंत ते तिच्यामागं आले, हातात सांडशी तशीच. बोळीत टँकर उभा होता. नरसिंग वरून म्हणाला, "अव्वा, आज कळशी न्हाई?" तिनं मानेनंच घराकडं दाखवलं. चांगुणा कमरेवर घागर घेऊन उभी होती.

"निघाली का म्हातारी माहेरा?"

"लेकीकडं," शरणम्मा म्हणाली. "ह्यांच्याकडं बघ जरा."

"मी कशाला बघू? ते बघून राहिलेत की तुझ्याकडं."

शरणम्मा रांगेच्या कडेकडेनं, सांडलेल्या पाण्यात पाय पडू न देता, एकेक पाऊल ठेवत चौबाऱ्याच्या दिशेला गेली. नरसिंगनं नळी धरून ठेवली होती, चांगुणाची घागर भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. आणि ओट्यावर गुरुबसप्पा उभे होते, ती बोळीच्या तोंडाशी डावीकडं वळेपर्यंत, आणि वळल्यावरही थोडा वेळ.